अकरा हिरव्या ओळी

ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणत, वयाने सात वर्षं मोठे असलेले मामासुद्धा. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. कंपनी लिफ्टच्या देखभालीची. शहरातल्या दोनशेहून जास्त लिफ्ट त्यांच्या भरवशावर रोज वर-खाली करत. कोणत्या लिफ्टची तपासणी कधी आहे, तिथे कोणाला पाठवायचं, कोण खरंच काम करून आला आणि कोण नुसता चहा पिऊन आला, हे बघायचं काम गेली चोवीस वर्षं ताईंकडे होतं.

घरी त्यांना वेगळंच नाव होतं. त्यांचा नवरा एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचा. दिवसभर आम्लाच्या बाटल्यांमध्ये वावरूनही हा माणूस कायम निर्धास्त. तो ताईंना 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. दाराला कुलूप लावून ताई निम्म्या जिन्यावर पोचायच्या आणि परत फिरायच्या. गॅस बंद केलाय ना, हे बघायला. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती. तिने फोन दोनदा उचलला नाही की ताई तिच्या मैत्रिणीला फोन लावायच्या, आणि मैत्रिणीने नाही उचलला की वसतिगृहाच्या कार्यालयात. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारायचा, "आज कोणतं खातं हाती घेतलंय सरकारने?" ताईही हसायच्या. पण हसत असतानाही हात फोनवरच असायचा.

कामात मात्र ही काळजी उपयोगी पडायची. दर सोमवारी सकाळी ताई जाडजूड रजिस्टर उघडत, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत आणि जिथे शंका येईल तिथल्या वॉचमनला फोन लावत. "लिफ्ट कशी चालतेय? आवाज नाही ना करत?" असं विचारता विचारता कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं त्यांना ठाऊक व्हायचं. फोन संपले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग मोठे साहेब निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर आला. धाकटे साहेब माणूस चांगला होता. आवाज चढवायचा नाही, कोणाला हिडीसफिडीस करायचा नाही. त्यांनी एक दिवस ताईंना बोलावून सांगितलं, "ताई, तुमच्या डोक्याचा ताप कमी करायचाय मला." त्यांनी एक नवी सोय घेतली होती, जिच्यावर कोड लिहिता येत नसलेल्या माणसालाही आपल्या ऑफिसपुरतं अ‍ॅप तयार करता येतं. चौकोन ओढून आणायचे, जागेवर ठेवायचे, त्यांना रकाने जोडायचे. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुका करून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरातल्या सगळ्या लिफ्ट एका टेबलात आणून ठेवल्या आणि त्या टेबलाला रंग दिले.

हे रंगांचं प्रकरण त्यांना फार आवडलं. एका छोट्या खिडकीत एकेक वाक्य पुरं करायचं. जर पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली असेल, तर ओळ लाल. जर ती येत्या सात दिवसांत असेल, तर ओळ पिवळी. सगळ्यात खाली 'नाहीतर' असा एक रकाना होता. वरचं काहीच लागू पडलं नाही तर कोणता रंग द्यायचा, ते तिथे सांगायचं. ताईंनी हिरवा निवडला. बटण दाबल्याबरोबर सगळं टेबल रंगलं. त्या संध्याकाळी त्यांनी ते नवऱ्याला दाखवलं, मुलीला फोटो पाठवला. "आई, तू चक्क सॉफ्टवेअर बनवलंस!" मुलीचा निरोप आला, आणि ताईंनी तो कौतुकाने चार वेळा वाचला.

सुरुवातीला टेबलात बरंच लाल होतं. मेकॅनिक सकाळी आल्या आल्या विचारायचे, "ताई, आज मिरच्या किती पिकल्या?" लाल-पिवळ्या ओळी बघूनच माणसं पाठवली जाऊ लागली आणि हळूहळू मिरच्या कमी झाल्या. धाकटे साहेब खूश झाले. एकदा फोनवर टेबल बघताना ते म्हणाले, "रकाने फार झालेत, स्क्रीनवर मावत नाहीत. तारखा काढून टाकू या का? रंग सांगतोच आहे की." ताईंनी तारखांचे दोन्ही रकाने लपवले. पुढे तेच म्हणाले, "सोमवारच्या फोनांत तुमची अख्खी सकाळ जाते. आता त्याची गरज काय?" ताईंनी फोनही बंद केले. रजिस्टर कपाटात गेलं. पहिले दोन सोमवार त्यांना हात मोकळे मोकळे वाटले. मग सवय झाली.

त्याच सुमाराला शहरातली एक छोटी देखभाल कंपनी बंद पडली आणि तिच्या अकरा लिफ्ट यांच्याकडे आल्या. यादीची फाइल आली. ताईंनी ती टेबलात ओढून घेतली. 'अकरा नोंदी जोडल्या' असं पडद्यावर उमटलं आणि खाली अकरा ओळी लागल्या. सगळ्याच्या सगळ्या हिरव्या.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. बंद पडायला आलेल्या कंपनीने जाता जाता अकराच्या अकरा लिफ्ट तपासून ठेवल्या? पण त्या आठवड्यात नवरा त्यांच्या फार मागे लागला होता. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी बजावलंय, आता तरी प्रत्येक गोष्टीचा घोर लावून घेणं सोड. ताईंनी स्वतःलाच दटावलं. चांगलं दिसलं तर चांगलंच म्हणावं की कधीतरी. त्यांनी टेबल बंद केलं.

चार महिने गेले.

मंगळवारी दुपारी पावणेतीनला फोन वाजला. नव्या अकरांपैकी एका डोळ्यांच्या दवाखान्याचा वॉचमन होता.

"तुमच्याकडचा माणूस यायचा बंद झाला का हो?"

"असं कसं होईल? दर महिन्याला येतो की."

"आमच्याकडे तर कोणी फिरकलं नाही. जुनी कंपनी होती तेव्हा यायचे. तुमचं नाव नुसतं पाटीवर आहे."

ताईंनी टेबलात दवाखाना शोधला. ओळ हिरवीगार. "इथे तर हिरवं आहे," त्या म्हणाल्या.

"काय हिरवं आहे?"

"काही नाही. लिफ्ट कशी चालतेय?"

"चालतेय. फक्त थांबताना जरा खाली बसते. मजल्याच्या दोन बोटं खाली. पेशंटांच्या डोळ्याला पट्टी असते ना, पाऊल अडखळतं. मी हात धरून काढतो एकेकाला."

दोन बोटं खाली. चोवीस वर्षं मेकॅनिकांच्या बोलण्यात बसलेल्या बाईला याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. ब्रेक घसरत होता. "आत्ता माणूस पाठवते," त्या म्हणाल्या. "तोवर एका वेळी चौघांच्या वर कोणाला आत घेऊ नका." लिफ्ट बंद करा, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाइकाची लिफ्ट बंद करायची तर मेकॅनिकने बघायला हवी, नाहीतर साहेबांचा हुकूम हवा. त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी त्या ओळीवर क्लिक करून पूर्ण नोंद उघडली. मागची तपासणी: रिकामं. पुढची तपासणी: रिकामं.

काय झालंय ते त्यांना एका क्षणात कळलं. रिकामी तारीख उलटून गेलेली नसते, म्हणून लाल नाही. येत्या सात दिवसांतही नसते, म्हणून पिवळी नाही. मग उरतं ते 'नाहीतर'. टेबलाने सांगितलेलं काम इमानाने केलं होतं, आणि ते सांगणाऱ्या ताई स्वतः होत्या.

त्यांनी ज्यांची तारीख रिकामी आहे तेवढ्याच ओळी मागितल्या. अकरा आल्या. जुन्या कंपनीची फाइल उघडून पाहिली. तिथे कोणीतरी तारखेच्या जागी 'मार्चच्या पहिल्या आठवड्यात' असं लिहिलं होतं, कुठे नुसतंच 'झाली'. तारखेच्या रकान्याला असं काही चालत नाही. त्याने ते सगळं निमूटपणे गाळून टाकलं होतं. दवाखाना, वाचनालय, एक सात मजली राहती इमारत, कापडाची दोन गोदामं, एक महाविद्यालय. चार महिने तिथे कोणीही गेलं नव्हतं. आणि आत्ता, या मिनिटाला, त्या सगळ्या लिफ्टमध्ये माणसं चढत-उतरत होती.

त्यांनी मामांना फोन लावला. "मामा, हातातलं सोडा आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

ताईंनी सांगितलं. चौघांच्या वर नको म्हणून बजावल्याचंही सांगितलं.

"कमी माणसं घालून काय होतंय?" मामा म्हणाले. "ब्रेक गेला असेल तर रिकामी लिफ्टसुद्धा दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी टांगलेल्या वजनाने वर ओढली जाते. बरं, निघालो मी. पण ताई, ऐका माझं. कोणाजवळ बोलू नका. अकराच आहेत ना? मी आणि डावखुरा मिळून चार दिवसांत उरकतो. तुम्ही तेवढ्या तारखा भरून टाका. कोण बघायला बसलंय?"

डावखुरा हा दुसरा मेकॅनिक, मामांच्याच हाताखाली तयार झालेला. मामांनी नुसतं बघितलं तरी समजणारा. हे दोघं बोलणार नाहीत याची ताईंना खात्री होती.

त्यांनी दवाखान्याच्या नोंदीत 'पुढची तपासणी'समोर येत्या परवाची तारीख टाकली. ओळ पिवळी झाली, अगदी शहाण्यासारखी. जणू सगळं वेळच्या वेळी चाललंय. ताई त्या पिवळ्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांनी निवृत्ती. मुलीचं शेवटचं वर्ष. चोवीस वर्षांत एकही लेखी ताकीद नाही. अकरा तारखा भरायला दहा मिनिटं पुरली असती.

मग त्यांनी ती तारीख पुसली. रकाना रिकामा झाला आणि ओळ परत हिरवी झाली. त्या हिरव्या रंगाची त्यांना जेवढी भीती वाटली तेवढी कधी लाल रंगाची वाटली नव्हती.

त्यांनी उरलेल्या दहा ठिकाणी एकामागून एक फोन लावायला घेतले. वाचनालयात सगळं ठीक होतं. एका गोदामात मालाच्या लिफ्टचं दार कधीकधी उघडंच राहतं आणि तरी लिफ्ट हलते, असं तिथला माणूस हसत हसत म्हणाला. "आम्ही लाथ मारली की बसतं जागेवर." सात मजली इमारतीच्या वॉचमनने सांगितलं, लिफ्ट चांगली आहे, आत्ताच सहाव्या मजल्यावरच्या आजी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. तीन ठिकाणी कोणी फोनच उचलला नाही. घंटी वाजत राहायची आणि ताईंचा जीव टांगणीला लागायचा.

चारला पाच कमी असताना मामांचा फोन आला.

"लिफ्ट बंद केली. मेन स्विच काढून चावी खिशात टाकलीय."

"किती वाईट आहे?"

"ब्रेकचं अस्तर कागदासारखं झालंय. आणि दोरावरून हात फिरवला तर तारा टोचतायत. बऱ्याच तुटल्यात."

"किती दिवस गेले असते?"

"ते नका विचारू," मामा म्हणाले. "बाकीचं उद्यापासून बघू."

"उद्या नाही. मी साहेबांकडे जातेय."

"ताई, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.

धाकटे साहेब काहीतरी वाचत होते. ताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एका दमात, कुठे आपली बाजू न सावरता. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"पावणेतीनला."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "सव्वा तास झाला. एवढा वेळ काय करत होतात?"

"थोडा वेळ घाबरून बसले होते. एक तारीख खोटी भरली, मग पुसली. उरलेला वेळ फोन करत होते."

साहेबांनी विचारलं, "नियम कोणी लिहिला होता?"

"मीच."

"आणि तारखांचे रकाने कोणी काढायला लावले?"

हा प्रश्न ताईंसाठी नव्हताच.

"बसा," साहेब म्हणाले. "यादी द्या. सहा मी करतो, चार तुम्ही करा. सगळ्यांना सांगायचं, आमचा माणूस येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. कारण विचारलं तर खरं सांगायचं."

त्या दिवशी दोघांनी ज्या शिव्या खाल्ल्या त्या वर्षभराला पुरल्या असत्या. सात मजली इमारतीचे अध्यक्ष ताईंच्या वाट्याला आले होते. "चार महिने तोंड दाखवलं नाहीत, आणि आज अचानक सांगता बंद ठेवा? सहाव्या मजल्यावरच्या आजी दाताच्या डॉक्टरकडून परत आल्यात आणि खाली बसल्यात. त्यांना काय तुम्ही खांद्यावर घेऊन चढणार?" ताईंनी ऐकून घेतलं. आजींना तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ठेवून घेतलं, हे संध्याकाळी त्यांना कळलं, तेही त्यांनीच दोनदा फोन केला म्हणून.

सगळे मेकॅनिक दुसरी कामं टाकून अकरा ठिकाणी धावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या लिफ्ट तपासून झाल्या. दवाखान्याची बंदच ठेवावी लागली, नवे दोर येईपर्यंत. गोदामातल्या लिफ्टच्या दाराचं कुलूप निकामी झालं होतं, तीही बंद केली. बाकीच्या नऊ धडधाकट निघाल्या. "उगाच घाबरवलंत," एकदोघं म्हणालेही. कोणाला इजा झाली नव्हती. पण पुढचे कितीतरी दिवस रस्त्याने जाताना डोळ्याला पट्टी लावलेला एखादा माणूस दिसला की ताई बघत उभ्या राहायच्या.

नोकरी गेली नाही. साहेबांनी फाइलला लावायला लेखी खुलासा मागितला, आणि स्वतःचाही एक लिहून त्याच फाइलला लावला. ताईंचा खुलासा दोन पानी झाला. घरी नवऱ्याने तो वाचला. एरवी त्याने काहीतरी चेष्टा केली असती. त्याने पेन घेतलं, चार वेळा आलेल्या 'क्षमस्व'पैकी तीन खोडले आणि म्हणाला, "एकदा म्हणालीस तरी ऐकू जातं." मग पेनाला टोपण लावत, "मीच तुझ्या मागे लागलो होतो ना, घोर लावून घेऊ नकोस म्हणून." ताईंनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. "तू डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल नव्हतास बोलत," त्या म्हणाल्या.

टेबलाचे नियम त्यांनी नव्याने लिहिले. सगळ्यात वर, सगळ्यांच्या आधी: जर तारीख रिकामी असेल, तर ओळ जांभळी. जांभळाच का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जांभळं बघून कोणाला बरं वाटत नाही, म्हणून." हिरव्यासाठी त्यांनी वेगळी अट घातली, तारीख लिहिलेली असेल आणि सात दिवसांपलीकडची असेल तरच. 'नाहीतर'पुढे काहीच ठेवलं नाही. तारखांचे रकाने परत आले. आता फोनवर टेबल आडवं सरकवावं लागे, तरी कोणी तक्रार केली नाही. मग त्यांनी एक खोटी लिफ्ट तयार केली, तिला 'चाचणी' असं नाव दिलं, आणि दोन दिवस तिच्या तारखा भरून, पुसून, चुकीच्या लिहून बघितल्या. डावखुरा डबा खाता खाता म्हणाला, "ताई, या बिचाऱ्या लिफ्टला जरा विश्रांती द्या." पुढच्या सोमवारपासून ताईंनी वॉचमनना फोन करायला सुरुवात केली. साहेबांनी करा म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही.

सात मजली इमारत मात्र गेली. अध्यक्षांनी पत्र पाठवून दुसऱ्या कंपनीला काम दिलं. ती ओळ टेबलातून काढायची होती. ताईंनी ती दोन आठवडे तशीच ठेवली, मग एका सकाळी काढली. काढल्यावर ती लिफ्ट कुठल्याच रंगात राहिली नाही, आणि ताईंना ते काही केल्या सहन होईना. आपलं काम नाही, आपल्याला कोणी विचारलेलं नाही, हे त्या स्वतःला समजावत राहिल्या. महिनाभर समजावलं. मग एका दुपारी त्यांनी त्या दुसऱ्या कंपनीचा नंबर शोधून फोन लावला.

एका बाईने उचलला. आवाजावरून त्यांच्याच वयाची वाटली.

"मला एका इमारतीच्या लिफ्टबद्दल विचारायचं होतं," ताई म्हणाल्या, आणि पत्ता सांगितला. "या महिन्याची तपासणी झाली का तिथली?"

"तुम्ही तिथे राहता?"

"नाही. सहाव्या मजल्यावरच्या आजी माझ्या ओळखीच्या आहेत." ही ओळख म्हणजे नुसती ऐकीव, पण त्या वेळी त्यांना ती खरीच वाटली.

"थांबा हं, बघते." पलीकडे कळफलकाचा आवाज आला.

"हो, झालेली दिसतेय."

"दिसतेय म्हणजे?" ताईंनी विचारलं. "तारीख लिहिलीय ना तिथे?"